सत्त्याण्णव टक्के, नापास

मी शाळेत गणित शिकवते. एकोणतीस वर्षं झाली. ३५ टक्के पडले की पोर पास, हा नियम अंगात मुरलाय. ३३ पडले असतील तर पेपर पुन्हा उघडून उरलेले दोन कुठे सांडलेत ते शोधायचं, हेही मुरलंय. अशा मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका ठोकळ्याने ९७ टक्क्यांना नापास केलं. एकदा नव्हे, तीन दिवसांत चार वेळा.

ठोकळा आला सईबरोबर. सई माझी भाची, वय वर्षं अकरा, मुक्काम नाशिक. सुट्टीत आठ दिवस आली ती चार टी-शर्ट, एक टॅबलेट आणि चार्जर घेऊन. दुपारी आंबा खाऊन झाला की हात धुतल्यासारखं करून ती पलंगावर पालथी पडायची आणि काचेवर अंगठा आपटायला लागायची. टप्. टप्. टप्टप्. मग भुस्स. मग तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून. मी स्वयंपाकघरात. मला दिसत काहीच नव्हतं, पण त्या गाण्याची पहिली वीस सेकंदं इतकी ओळखीची झाली की एखाद्या वेळी गाणं त्याच्या पुढे गेलं, तर मी नळ बंद करून कान द्यायची. आज बरीच लांब गेली वाटतं कार्टी.

चौथ्या दिवशी विचारलं, काय आहे गं हे? म्हणाली, "जॉमेट्री डॅश." नाव ऐकून मी फसले. भूमिती म्हटल्यावर निदान एखादा काटकोन तरी कामाला येईल, असं वाटलं. प्रत्यक्षात त्यातली भूमिती एवढीच की चौकोन जिवंत असतो आणि त्रिकोण त्याला मारतात. एक चौकोनी ठोकळा डावीकडून उजवीकडे आपला आपण धावत सुटतो. वाटेत त्रिकोणी काटे उभे. काचेवर बोट टेकवलं की ठोकळा उडी मारतो. उडी ठरलेल्या उंचीचीच. जोर लावून दाबा, नाहीतर हळू दाबा. काट्याला लागला की भुस्स, आणि पुन्हा पहिल्यापासून. हातात एवढंच, एक बोट आणि एक क्षण.

माझा भाऊ लहानपणी पिवळ्या कॅसेटचा टीव्हीगेम खेळायचा, त्यातला मारिओ मला आठवत होता. मारिओ सभ्य माणूस. आपण बटण सोडलं की थांबायचा. खड्ड्याच्या काठावर उभं राहून आपण पाणी पिऊन यावं, आईची हाक ऐकावी, मग निवांत उडी मारावी. हा ठोकळा थांबत नाही. तो गाण्याला बांधलेला आहे, आणि गाणं कुणासाठी थांबत नसतं. काटे, खांब, पायऱ्या, सगळं त्या गाण्याच्या ठोक्यांवर मांडून ठेवलेलं. ठोक्यावर उडी मारली की पार, चुकलात की गेलात.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. ठोका आणि मी यांचं जुनं वैर आहे.

दत्तमंदिराच्या हॉलमध्ये दर गुरुवारी पाच ते सात आमचं भजनी मंडळ बसतं. अकरा बायका, एक पेटी आणि तबल्याला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याकडे टाळ होते. जड, पितळी, लाल दोरीचे. ती दोरी बोटांवर अशी काही आवळायची की घरी येईपर्यंत वळ राहायचे. मी मन लावून वाजवायचे. मनातल्या मनात मोजायचे, एक दोन तीन चार, पाच सहा सात आठ. केरव्याच्या आठ मात्रा, त्यात चुकण्यासारखं काय आहे? तरी काकांची मान अधूनमधून माझ्याकडे वळायची. रागाने नव्हे, भाजीत खडा लागला की माणूस ताटाकडे जसा बघतो, तसं. एका गुरुवारी मंडळाच्या बाई गोड हसून म्हणाल्या, "तुमचा आवाज किती छान आहे हो. तुम्ही नुसतं म्हणा." आणि माझ्या हातातले टाळ काढून त्यांच्या पिशवीत घातले. आवाजाचं कौतुक करून माणसाला इतक्या मऊ हाताने नि:शस्त्र करता येतं, हे मला तेव्हा कळलं. शाळेत मी ही पद्धत दोनदा वापरून पाहिली, तर मुलांना ती आधीच ठाऊक होती.

तर सईने टॅबलेट माझ्या हातात दिला. पहिली लेव्हल, 'स्टिरिओ मॅडनेस'. नावाशेजारी एक हसरा चेहरा आणि 'ईझी' असा शेरा. सबंध लेव्हल सुमारे दीड मिनिटाची. मी पहिल्याच काट्यावर गेले. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. दर खेपेला पडद्यावर नवा आकडा उमटतो, अटेम्प्ट दोन, अटेम्प्ट तीन. पंचविसावा उमटला तेव्हा सई खिडकीबाहेर बघत होती. कुणी चारचौघांत घसरून पडलं की आपण जसे बघतो तशी.

"मावशी, तू फार लवकर घाबरतेस," ती शेवटी म्हणाली. "काटा लांब असतो तेव्हाच उडतेस. मग त्याच्यावरच येऊन पडतेस."

नाशिकला परत जाताना तिने तो खेळ माझ्या फोनमध्ये घालून दिला. फुकटातला छोटा अवतार असतो, तो. "शाळा सुरू होईपर्यंत एक तरी पूर्ण कर," असा गृहपाठही दिला. उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर रिक्षा निघाली होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात कसे गेले ते नवऱ्याला विचारा. बोट चुकलं की माझ्या तोंडून "मेले!" असं निघायचं. पहिल्या दिवशी तो बाथरूममधून साबणासकट धावत आला. दुसऱ्या दिवशी पेपरातून मान वर केली. तिसऱ्या दिवसापासून मान वर न करता नुसतं विचारायला लागला, "कितीला?" मी सांगायची, "एकतीस." एकतीस टक्क्यांना माझं मरण ठरलेलं होतं, कारण तिसाच्या आसपास एक दार येतं आणि त्यातून ठोकळा थेट एका विमानात जाऊन बसतो. इथे बोट दाबून धरलं की विमान वर, सोडलं की खाली. उड्या मारायला जेमतेम शिकलेल्या माणसाला अचानक विमान देण्यात काय हशील आहे? पण असतं तसं. शाळेतही बेरीज जमायला लागली की लगेच अपूर्णांक.

ज्याने हे सगळं रचलं त्याच्यावर राग काढावा म्हणून माहिती काढली. स्वीडनमधला रॉबर्ट टोपाला नावाचा एक तरुण. त्याने हा खेळ जवळजवळ एकट्याने बनवला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये बाजारात आणला. गाणी मात्र त्याची नव्हेत. न्यूग्राउंड्स नावाचं एक अमेरिकन संकेतस्थळ आहे, तिथे हौशी लोक आपापलं संगीत ठेवत असतात. तिथल्या सुरावटी त्याने उचलल्या. 'स्टिरिओ मॅडनेस'चं गाणं फॉरएव्हरबाउंड या टोपणनावाच्या संगीतकाराचं. सोप्यापासून सुरू होऊन 'हार्डर', 'इन्सेन' करत शेवटी 'डीमन' अशी कठीणपणाची उतरंड आहे, आणि प्रत्येक पायरीला चेहरा वेगळा. शेवटच्याला शिंगं. शिवाय खेळणाऱ्यांना आपापल्या लेव्हली रचता येतात, आणि माणसाच्या हातात काटे दिले की तो दुसऱ्यासाठी काय रचतो हे वेगळं सांगायला नको. त्यांतल्या काही पार करायला लोक हजारो अटेम्प्ट घालवतात. जानेवारी २०१७ च्या सुधारित आवृत्तीनंतर पुढची यायला डिसेंबर २०२३ उजाडलं. जवळजवळ सात वर्षं ही मंडळी वाट बघत होती, आणि वाट बघताना जुन्याच काट्यांवर आपटत होती. हे वाचल्यावर राग गेला. माझे दोनशे-अडीचशे म्हणजे नुसती हजेरी.

आणि ही कल्पना काही त्याची पहिली नव्हे. १९९९ साली जपानमध्ये मासाया मात्सुउरा यांनी 'व्हिब-रिबन' नावाचा खेळ काढला होता. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, तिच्यावरून चालणारी एक रेघांचीच सशीण. गंमत अशी की आपल्या घरातली कुठलीही सीडी त्यात घालायची. खेळ ते संगीत ऐकून त्या रेघेत खाचखळगे पाडणार. गाणं संथ तर वाट सोपी, गाणं खवळलं तर वाटही खवळली. चुकत गेलात की सशिणीचा बेडूक होतो, आणखी चुकलात की गांडूळ. छान खेळलात तर तिला पंख फुटून ती परी होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने, 'मोमा'ने, हा खेळ आपल्या संग्रहात घेतला आहे. तो मिळाला तर मी त्यात एखाद्या भैरवीची सीडी घालीन. विलंबित बडा ख्याल घातला तर ती सशीण बिचारी पुढच्या खाचेची वाट बघत म्हातारी होईल. मंडळाच्या बाईंसमोर मात्र तो खेळ काढायची सोय नाही. मी कधी ना कधी गांडूळ होणार, आणि त्या गोड हसून माझ्या रंगाचं कौतुक करणार.

असो. एकतीसवर अडकले होते ते सांगत होते.

माझी पहिली शंका यंत्रावर. मी कानात बिनवायरच्या इअरफोनचं ते बोंड घालून खेळत होते, नवऱ्याला त्रास नको म्हणून. आठवडाभराने लक्षात आलं की ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत पोचायला किंचित उशीर लागतो. सिनेमा बघताना हा उशीर सहसा झाकून घेतला जातो, चित्रच तेवढं थांबवतात. खेळात तसं करता येत नाही. म्हणजे ठोका ऐकून मी बोट टेकवायची, पण काट्याच्या हिशेबात तो ठोका कधीच होऊन गेलेला असायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलं; यंदा अंगण खरोखर वाकडं निघालं. खणातून जुना वायरवाला काढला, तर फोनला भोकच नाही. शेवटी फोनचा आवाज मोठा केला आणि नवऱ्याचा त्रास हिशेबातून वगळला. त्या दिवशी एकतीसचे सत्तेचाळीस झाले.

दुसरी शंका माझ्यावर, आणि ती जास्त खोल निघाली. मी मोजत होते. टाळ हातात असताना मोजायचे तशीच. अडचण अशी की 'एक' हा शब्द मनात उच्चारून होईपर्यंत एक होऊन गेलेला असतो. मोजणं हे झालेल्या गोष्टीचं असतं. मी एकोणतीस वर्षं झालेल्या गोष्टीच मोजत आलेय. आणि उशीर होतोय हे कळलं की भीतीने पुढचा ठोका मी फार आधी उरकून टाकायची. सई म्हणाली होती तेच. मानसशास्त्रवाल्यांनी माणसांना मेट्रोनोमच्या टिकटिकीबरोबर बोट आपटायला सांगून बघितलंय. बहुतेकांचं बोट टिक वाजण्याच्या किंचित आधीच पडतं, सेकंदाचे काही शतांश. म्हणजे ठोक्याची वाट बघून कुणीच ठोका धरत नाही. तो येणार याची खात्री बाळगून बोट आधीच निघालेलं असतं. थोडं आधी निघणं आणि घाबरून फार आधी निघणं, यांत माझी तीन वर्षं आणि एक टाळजोडी गेली.

हे मी काकांना सांगितलं. गुरुवारी, तबला पिशवीत घालताना. खेळाचं नाव न घेता, नुसता प्रश्न म्हणून. ते हातोडी शोधत होते. म्हणाले, "ताई, रूपक तालात सम कुठे असते माहितेय का? 'खाली'वर. म्हणजे जिथे येऊन पोचायचं तिथे टाळी नाही, मोकळा हात." आणि हातोडी सापडली म्हणून पुढे बोललेच नाहीत. मी घरी येईपर्यंत सात मात्रांचा तो मोकळा हात घोळवत होते. रात्री खेळायला बसले तेव्हा दिसलं की त्या लेव्हलमध्येही अशा जागा आहेत. पायऱ्या येतात, गाणं चांगलं ठणकत असतं, आणि आपण काहीही करायचं नसतं. ठोकळा आपोआप एकेक पायरी उतरतो. मी तिथे दर वेळी दाबत होते. जमेल तिथे काहीतरी करून दाखवायचं, ही शिक्षकाची खोड. वर्ग शांत बसलेला दिसला की आम्ही गृहपाठ देतो.

सरावाची सोयही आहे त्यात. वाटेत जागोजागी हिरव्या खुणा ठेवत जायच्या, मेलं की शेवटच्या खुणेपासून पुढे. मी लगेच तिकडे वळले. आम्हाला सराव म्हणजे पक्वान्न. पण गोम अशी की सरावात वेगळंच गाणं वाजतं. सगळी वाट पाठ झाली, कुठे किती काटे ते तोंडपाठ झालं, पण परीक्षेला मूळ गाणं सुरू झालं की बोटांना काही ओळखूच येईना. एका चालीत अभंग बसवावा आणि ऐन वेळी पेटीवाल्याने दुसरीच चाल धरावी, तशातली गत. मग सराव सोडला. भांडी घासताना, भाजी निवडताना मूळ गाणंच लावून ठेवायला लागले. तबला शिकणारी मुलं हात लावायच्या आधी बोल तोंडाने म्हणतात, पढंत म्हणतात त्याला. माझी पढंत गवारीच्या शेंगांवर झाली. शेंग मोडायची ती ठोक्यावर. त्या आठवड्यात गवार तीनदा झाली.

आणि मग सत्त्याण्णव.

शेवटच्या टप्प्यात पुन्हा विमान येतं, आणि ते संपत आलं की तुम्ही जवळजवळ सुटलेले असता. तिथे मारतो तो खांब नव्हे. पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक पट्टी असते, किती टक्के झाले ते दाखवणारी. विमान व्यवस्थित चाललेलं असताना माझा डोळा तिच्याकडे जायचा. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. छाती धडधडायला लागायची, बोट घट्ट व्हायचं, विमान छताला. सत्त्याण्णव, भुस्स. चार वेळा. चौथ्या वेळी मी "मेले" म्हणाले नाही. नवरा स्वतःहून खोलीत आला. "किती?" मी आकडा सांगितला. "अगं, मग झालंच की," तो म्हणाला. हा माणूस आयुष्यात कधी पेपर तपासायला बसला असता तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागला असता.

सईला फोन केला. पलीकडे तिची आई ओरडत होती, "क्लासला जायचंय." सई घाईत म्हणाली, "सेटिंगमध्ये जा आणि ती पट्टी बंद कर." आणि ठेवला.

पट्टी बंद करताना माझा हात थोडा अडखळला, ते खोटं कशाला सांगू? मार्कच दिसणार नाहीत तर चाललंय काय ते कळणार कसं? त्या रात्री जेवणं झाल्यावर बसले. कितवा अटेम्प्ट, बघितलं नाही. मधे एकदा कुकर आठवला. उद्याची डाळ भिजत घातलीय का, असा विचार आला, घातलीय असं आठवलं, आणि तोवर विमान येऊन गेलेलं होतं. मग ठोकळा पलीकडच्या भिंतीत ओढला गेला आणि पडद्यावर झगमगाट झाला. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. आतल्या पानावर एकूण अटेम्प्टचा हिशेब असतो, तो नंतर पाहिला. ४३८. शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते.

आषाढीच्या संध्याकाळी मंदिरात गर्दी होती. मंडळातल्या एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरी लेकीकडे गेलेली. पिशवीत टाळाची एक जोडी उरली. बाईंनी एकदा हॉलभर नजर फिरवली, मग माझ्याकडे, मग पुन्हा हॉलभर. आणि टाळ माझ्या हातात आले. तीच लाल दोरी.

मोजायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. पहिला अभंग झाला, दुसरा झाला. काकांची मान सरळ होती. तिसऱ्याला त्यांनी एकदा बघितलं, पण ते ताटाकडे बघणं नव्हतं. मला घाम फुटला होता, हाताला दोरी रुतत होती, आणि टाळ निघत होता तो आपला आपण. एक जागा अशी आली की सगळ्या जणी थांबल्या आणि मीही थांबले. मोकळा हात. मग गजर सुरू झाला. गजर चढत जातो, दुप्पट होतो, लोक उभे राहतात, माउलींच्या नावाचा पुकारा होतो. सगळं छान चाललं होतं. आता संपणार, आता काका शेवटची तिहाई घेणार, हे मला कळलं, आणि कळलं म्हणून मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

काका समेवर आले. सगळ्या जणी समेवर आल्या. मग हॉल एकदम शांत झाला, आणि त्या शांततेत माझा टाळ एकटाच वाजला. खणखणीत.

बाहेर चपलांच्या ढिगाजवळ शेजारची म्हणाली, "काय गं पुटपुटतेयस?"

"सत्त्याण्णव."

"काय सत्त्याण्णव?"

"काही नाही. उजव्या पायातली सापडत नाहीये."